साच्याला नख लावणारे रशीदभाई

रशीदभाई साच्याला आधी नख लावत, मग चष्मा. राजुऱ्याजवळच्या आमच्या छोट्या कारखान्यात मासेमारीच्या जाळ्यांना बांधायचे काळे प्लास्टिकचे तरंगे बनत. त्यांचे पोलादी साचे रशीदभाई सांभाळत. डोळे मिटून अंगठ्याचं नख साच्यावरून फिरवत बसलेले दिसले की आम्हाला हसू यायचं. "हसा लेको," ते म्हणत. "डोया फसवते, नख नाई फसवत."

वर्षानुवर्षं चालायचा असा एक नवा साचा चार महिन्यांत झिजला. तरंग्यांवर ओरखडे येऊ लागले. मालकांनी मशीनवरच्या पुष्पाबाईंवर ठपका ठेवला. अडकलेला माल त्या स्क्रूड्रायव्हरने उचकटत असणार, म्हणून त्यांना काढायचं जवळजवळ ठरलंच. त्या तडक रशीदभाईंकडे आल्या.

"भाऊ, नरम पितळेच्या पट्टीशिवाय मी हात नाई लावत त्याले. तुमी तरी पाहा."

रशीदभाईंनी साचा उघडला, नख फिरवलं आणि कच्च्या मालाचं काम पाहणाऱ्या मला हाक मारली. "हे पाहा भाऊ. उचकटलं असतं तं कड तुटली असती. हे ओरखडे तं तोंडापासून सुरू होऊन राह्यले, जिथून पातळ प्लास्टिक आत येते. मालातच काही हाय."

आवारात जुन्या तरंग्यांचा धुतलेला चुरा ताडपत्रीवर पसरला होता, धान वाळवावं तसा. तोच वितळवून नवे तरंगे बनत. पलीकडच्या रस्त्यावरून कोळशाचे ट्रक धुरळा उडवत जात होते. रशीदभाईंनी चार मुठी चुरा बादलीभर पाण्यात टाकून ढवळला. प्लास्टिक वर तरंगलं, तळाशी रस्त्यावरच्या धुरळ्याची काळी कच बसली.

 वीज वाचवायला चुरा उन्हात वाळवायची शक्कल माझीच होती, आणि त्याबद्दल मालकांनी माझी पाठही थोपटली होती. रशीदभाईंना ते ठाऊक होतं. बादली माझ्या हातात देत ते एवढंच म्हणाले, "मालकाले कोन सांगते? तुमी का मी?"

मीच गेलो. "साहेब, चूक माझी आहे. बाईंची नाही." मालकांनी बादलीत हात घालून तळाची कच बोटांत चोळली. मग म्हणाले, "ताडपत्री उचला. आणि बाईंना मशीनवर पाठवा." बाहेर आलो तेव्हा छातीवरचा धोंडा उतरला होता. पुष्पाबाई तोंडाला पदर लावून हसत होत्या.

पुढे वय झाल्यावर रशीदभाईंनी काम सोडलं, त्या दिवशी शेवटचा चहा घेताना मी विचारलं, "तुम्हीच का नाही सांगितलं मालकांना?"

बशीतला चहा संपवून ते म्हणाले, "मी सांगतलं असतं तं बाई सुटली असती. तुमी नसते सुटले."