दुसऱ्या हातचा घास

मला पाहायला आले तेव्हा सासूबाईंनी ना शिवणाचं विचारलं, ना स्वयंपाकाचं. शेजारणीचं पोर माझ्या मांडीवर ठेवलं आणि म्हणाल्या, "याले भरव." मी भरवलं, त्यांनी तिथंच होकार दिला. मला वाटलं, केवढी मायाळू बाई. अक्कल तेवढीच होती माझी.

लग्न होऊन भरवेलीला खाणीच्या कॉलनीत आले आणि उलगडा झाला. घरात एक दीर होते, माझ्याहून चार वर्षांनी मोठे. लहानपणीच्या मेंदूज्वरानं त्यांची समज दोन वर्षांच्या पोराएवढीच राहिली होती. आईशिवाय कुणाच्या हातचा घास ते घेत नसत. सासूबाईंना छातीचं दुखणं होतं, बालाघाटच्या डॉक्टरनं जपून राहायला सांगितलं होतं. आपल्यामागं हा उपाशी मरेल, ही एकच धास्ती त्यांना होती. त्यासाठीच मला आणलं होतं. हे मला आधी कुणी सांगितलं नाही, आणि तो राग मी बरीच वर्षं पोसला.

पंधरा दिवसांत शिकवणी सुरू झाली. दुपारी नवरा खाणीत असे. सासूबाई माझ्या हाती ताट द्यायच्या आणि दिसू नये म्हणून शेजारणीच्या पडवीत जाऊन बसायच्या. "रडला तरी मले बलावू नको," एवढंच सांगायच्या. संध्याकाळी त्याच भरवत, दुपार मात्र माझी. पहिल्या दिवशी भाऊजींनी ताट उडवलं, वरणभात माझ्या नव्या लुगड्यावर. मग रोज दाराशी बसून रडायचे. मीही रडायची. त्यांना आई हवी होती, मला खैरलांजीकडचं माहेर, आणि अख्ख्या घरात आम्ही दोघंच.

महिन्याभरानं एके दुपारी त्यांनी तोंड उघडलं. ताट संपताच मी पडवीत धावले.

"आत्याबाई, जेवले भाऊजी. पुरं ताट."

"हौ? रडला नाई?"

"नाई."

"मले धुंडलं असंन."

"नाई, एकडाव बी नाई," मी फुशारकीनं सांगितलं. खोटं बोलायला हवं होतं, पण सतरा वर्षांच्या पोरीला ते कुठून सुचणार? त्या "बरं झालं" म्हणाल्या आणि संध्याकाळपर्यंत पडवीतून उठल्या नाहीत.

पुढं संध्याकाळचं ताटही माझ्याकडं आलं. सवय मोडेल म्हणून त्यांनी लेकाला भरवणं सोडूनच दिलं. सात-आठ वर्षं एकाच घरात राहून त्या लांबूनच त्याला जेवताना पाहत. मला वाटायचं, सुटली बाई.

सासूबाई गेल्या त्या दुपारी अंत्यविधी उरकून माणसं पांगली होती. नवरा भिंतीकडं तोंड करून पडला होता. शेजारणीनं भात आणून दिला आणि भाऊजी वेळेवर येऊन आपल्या जागी बसले. मी घास पुढं केला. मनातून वाटत होतं, आज तरी त्यांनी तोंड फिरवावं, दाराकडं पाहावं, ताट उडवावं. मग मी एकटी रडले नसते. पण ते मुकाट्यानं जेवत राहिले. माझा तोल गेला आणि मी त्यांच्या पाठीत एक धपाटा घातला. त्यांना वाटलं, मी खेळतेय. ते हसले आणि पुढच्या घासासाठी त्यांनी तोंड उघडलं.