प्रचारकबाईंची साक्ष

“सेवा” हा शब्द कोणी गोड आवाज काढून म्हटला की माझं डोकं अजून सणकतं. नवरा म्हणतो, तुझा स्वभावच तिरसट. असेल. पण कोणी आईच्या पोटातून तिरसट येत नाही. मी कशी झाले ते सांगते.

आणीबाणी उठून वर्ष-दोन वर्षं झाली होती. मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते. वर्ध्याला आमचं घर चर्चच्या आवाराला लागून. बाबा मिशनच्या शाळेत मास्तर आणि मंडळीच्या पंचकमिटीत. मंडळी म्हणजे चर्चचे सगळे सभासद, आणि पंचकमिटी म्हणजे त्यांचा कारभार पाहणारी सहा-सात माणसं. सगळे पुरुष, सगळे पोक्त, आणि प्रत्येकाला स्वतःचा आवाज फार आवडायचा. आम्हा पोट्ट्या-पोट्टींचा तरुण संघ होता. त्याचे अध्यक्ष एका सरकारी कचेरीत कारकून. पेटी सुरेख वाजवायचे आणि प्रार्थना करताना हुकमी डोळ्यांत पाणी आणायचे. आम्ही त्यांना दादा म्हणायचो. संघाला बसायला चर्चमागच्या ओळीतली शेवटची खोली मिळाली होती. तिथे पेटी, तबला, कॅरम आणि चार सतरंज्या. बाकीच्या खोल्या कमिटीनं एका व्यापाऱ्याला सरकी ठेवायला भाड्यानं दिल्या होत्या, त्यामुळे आमच्या प्रार्थनेलाही सरकीचा वास यायचा.

त्या वर्षी चर्चला नवे पाळकसाहेब, म्हणजे धर्मगुरू, आले. ते म्हणाले, तरुणांनी नाताळात नुसतं घरोघर गाणी म्हणत, करंज्या खात फिरू नये. बाहेर पडून सेवा करावी. झालं, संघाच्या अंगातच आलं. त्या शेवटच्या खोलीत सतरंजीवर बसून ठरलं, की नागपूरला जायचं आणि स्टेशनाबाहेर उघड्यावर राहणाऱ्या बेघर लोकांना खिचडी आणि जुने स्वेटर वाटायचे.

मी विचारलं, “नागपूर काऊन? आपल्या स्टेशनावर काय कमी लोक झोपतात?”

दादा हसले. “अवं, गावातल्या गावात केलं तर त्याले मिशन कोण म्हणंल?”

सगळे हसले, आणि नागपूर पक्कं झालं.

सकाळच्या पॅसेंजरनं गेलो. तिथल्या एका ओळखीच्या चर्चच्या अंगणात खिचडी शिजवली, दोन मोठे गंज भरून सायकलरिक्षात घातले आणि स्टेशनाजवळच्या भिंतीशी आणले. भिंतीच्या कडेनं लोक ओळीनं बसले होते. आधी गाणं, मग प्रार्थना, मग दादांचे चार शब्द. ते चार शब्द संपेपर्यंत खिचडी थिजून गेली. भुकेल्या माणसाला आधी उपदेश पाजायचा, ही आमच्या लोकांची जुनी खोड आहे.

वाढायचं काम अर्थातच मुलींकडे. मी डाव घेऊन एकेकाला वाढत चालले होते. पोचे पडलेला जर्मनचा एक वाडगा पुढे आला आणि वाडग्यामागून आवाज आला, “मास्तरची धाकटी ना वं तू? गाणं अजून नाकातूनच म्हणतं काय?”

मी वाकून तोंड पाहिलं. त्या आमच्या प्रचारकबाई होत्या.

मी लहान असताना त्या मिशनच्या पगारी प्रचारक होत्या. विधवा, मूलबाळ नाही. छत्री आणि पिशवी घेऊन सेलू-केळझरपर्यंतची गावं पायी फिरायच्या, बायांमध्ये बसून येशूच्या गोष्टी सांगायच्या, कोणाच्या पोराला ताप असला तर गोष्ट राहू द्यायच्या आणि आधी कपाळावर पट्ट्या ठेवायच्या. रविवारच्या शाळेत आम्हाला गाणी शिकवायच्या. बेसूर गायलं तर कान पिळायच्या, आणि मग त्याच कानात “बोरं घे खिशातली” म्हणायच्या. मिशन चालवणाऱ्या गोऱ्या मिससाहेब विलायतेला परत गेल्या तेव्हा बाईंची नोकरी गेली. पुढे कमिटीनं चर्चमागच्या खोल्या रिकाम्या केल्या, त्यातल्याच एकीत बाई राहायच्या. आम्हा पोरांना सांगण्यात आलं, की बाई नागपूरला पुतण्याकडे राहायला गेल्या, तिकडे त्यांचं छान चाललंय.

छान चाललंय ते मी डोळ्यांनी पाहत होते. पुतण्याच्या बायकोनं त्यांना पहिल्याच पावसाळ्यात बाहेर काढलं होतं. तेव्हापासून त्या ह्या भिंतीशी होत्या.

आम्ही सगळे भोवती जमलो. मुली रडायला लागल्या. बाईंनी खिचडी संपवली, बोटं चाटली, आणि दादांकडे पाहून साधं विचारलं, “माही खोली कोणाले देली?”

दादा खिचडीच्या गंजावर झाकण ठेवू लागले. शेवटी मीच म्हटलं, “आमाले देली, बाई. संघाले.”

आयत्या बिळावर नागोबा म्हणतात ते आम्ही. ज्या खोलीतून ही बाई उघड्यावर पडली, त्याच खोलीत बसून आम्ही उघड्यावरच्या लोकांची सेवा करायचं ठरवलं होतं. खोलीच्या कोपऱ्यात आम्ही कितीदा चुना दिला तरी वर येणारा काळा डाग त्यांच्या चुलीचा होता.

बाई रागावल्या नाहीत. त्या म्हणाल्या, “तुमी दिवसा बसत जा ना तिथं, मी काय नाई म्हणतो काय. मले रातच्याले पडू द्या फक्त. खायचं माहं मी पाहीन. आतून कडी लावता येईन असं दार पायजे मले, बाकी काही नाई.” मग माझ्याकडे पाहून हळूच म्हणाल्या, “इथं बाईमाणसाले झोप लागत नाई, पोरी.”

त्यांना घेऊनच आम्ही वर्ध्याला परतलो. पाळकसाहेब तर फुलून गेले. पहिल्याच मिशनला असं फळ. बाईंना नाताळपुरतं आमच्या घरी ठेवायचं ठरलं. आईनं स्वयंपाकघरात त्यांचं अंथरूण घातलं. बाबा त्यांच्याशी फारसं बोलले नाहीत. कामात आहेत असं मला वाटलं.

खोली परत मिळवायची कशी, यावर दादांनी तोड काढली. नाताळाआधीच्या रविवारी बाईंनी उपासनेत साक्ष द्यायची. पंचांची मनं पाघळली की त्याच बैठकीत खोलीचं बोलायचं. आमच्यात साक्ष द्यायची एक रीत असते. मंडळीसमोर उभं राहायचं, आधी आपण कसे चुकलो, भरकटलो ते सांगायचं, मग देवानं कसं हात धरून आणलं ते सांगायचं. त्यात दोष आपलाच असावा लागतो. दुसऱ्याचा दोष काढला की ती साक्ष राहत नाही, तक्रार होते. हे आम्हाला रविवारच्या शाळेत बाईंनीच शिकवलं होतं.

दादा आमच्या स्वयंपाकघरात येऊन समजावत बसले. “बाई, पंचांकडं बोट दाखवू नका. खोल्या खाली केल्या, असंतसं काही काढू नका. लोकं दुखावतीन.”

“साक्ष शिकवतं का रे मले?” बाई म्हणाल्या. “तुह्या नाकाचा शेंबूड पुसला म्या.”

पण शनिवारभर त्या ओठातल्या ओठात काही जुळवत बसल्या. संध्याकाळी आईला म्हणाल्या, एखादं पांढरं लुगडं असंल तर देजो.

रविवारी चर्च भरलं होतं. बाई आईच्या पांढऱ्या लुगड्यात पुढे उभ्या राहिल्या. आवाज तोच होता, खणखणीत. म्हणाल्या, “मंडळीनं मले काही कमी नाई केलं. मीच हट्टी. माह्या मनात पुतण्याचा, नात्यागोत्याचा मोह आला. मंडळी सोडून मी आपल्या मनानं गेलती, अन् हरवलेल्या मेंढरावानी भटकली. ह्या लेकरायनं मले हुडकून आणलं. आता देवाच्या घराजवळ निजू द्या, एवढंच मांगणं आहे.”

बायांनी पदर डोळ्यांना लावले. पंचकमिटीच्या खजिनदारांनी नाक शिंकरलं. बाबा चष्मा पुसत होते. मला वाटलं, जिंकलं. दादांनी पेटीवरून माझ्याकडे पाहून मान हलवली. ज्या बाई आम्हाला खोटं बोललं तर छडी द्यायच्या, त्या देवळात उभं राहून धडधडीत खोटं बोलल्या होत्या, आणि मला त्याचा आनंद झाला होता. कडी लावायच्या दारासाठी एवढं तर चालेलच, असं वाटलं होतं.

उपासनेनंतर पंच आतल्या खोलीत बसले. चहा द्यायला मी होते. दादांनी विषय काढला. चांगला काढला, खोटं कशाला बोलू. मग खजिनदार म्हणाले, “वाईट तर वाटते. पण ती स्वतःच म्हणाली ना सगळ्यांसमोर, आपल्या मनानं गेली म्हणून. मंडळीनं काही काढलं नाही तिला. मग मंडळीवर जबाबदारी कशी येते?”

दादा चाचरले. “नाही, म्हणजे, ते साक्षीत तसं म्हणतात...”

तेव्हा बाबा बोलले. माझे बाबा. त्या खोल्यांना त्यांनीच स्वतः उभं राहून नवी कुलपं लावून घेतली होती, हे मला पुढं आईकडून कळलं. ते शांतपणे म्हणाले, “देवासमोर दिलेली साक्ष आहे. ती खोटी आहे असं आपण म्हणायचं का?”

बस्स, खेळ खलास. खरी म्हणावी, तर चर्च काही देणं लागत नाही. खोटी म्हणावी, तर देवळात खोटं बोलणाऱ्या बाईला खोली कशाला. मी ट्रे खाली ठेवला आणि म्हटलं, “बाबा, त्या गेल्या नव्हत्या. तुमी काढलं त्याईले.”

“तू चहा दे,” बाबा म्हणाले.

पाळकसाहेबांनी तरीही दादांना विचारलं, तरुण संघ खोली सोडायला तयार आहे का. दादांनी मान खाली घातली, डोळे मिटले, आणि म्हणाले, “प्रभूची जशी इच्छा.” प्रभूची इच्छा अशी निघाली, की कॅरम हलवू नये. बाईंना एक नवं ब्लँकेट द्यावं, पुतण्याची समजूत काढावी आणि त्यांच्यासाठी विशेष प्रार्थना करावी, असं एकमतानं ठरलं. मेल्यांनी माझ्या हातचा चहा पिऊन ठरवलं हे.

बाईंना पाळकसाहेबांनी मधाळ आवाजात सांगितलं. त्या “बरं” म्हणाल्या. नाताळच्या दिवशी त्यांनी आईबरोबर करंज्या लाटल्या, गाणी म्हटली, आमच्याकडच्या लहान पोरांना बोरं दिली. आई रात्री एकदा बाबांना म्हणाली, स्वयंपाकघरातच राहू द्या ना त्यांना. बाबा म्हणाले, पंचाच्याच घरी राहिली तर लोक काय अर्थ काढतील. आईनं दिवा मालवला. माझ्या आईचं सगळं आयुष्य त्या एका वाक्यापुढं गप्प बसण्यात गेलं, आणि तिचा मला बाबांपेक्षा जास्त राग आहे.

पोचवायला कोण जाणार, तर दादांना कचेरी होती, पाळकसाहेबांना नाताळचे समारंभ होते. मी गेले. पॅसेंजरमध्ये बाई खिडकीशी बसल्या. सेलू गेलं तेव्हा बाहेर बोट दाखवून म्हणाल्या, ह्या बाजूच्या बाया चहा लय गोड करत. बाकी वाटभर माझ्या कॉलेजचं विचारत होत्या. मला रडू येत होतं आणि त्यांना नव्हतं, म्हणून मला आणखी राग येत होता.

पुतण्याकडे जायचा प्रश्नच नव्हता. दोघींनाही ते माहीत होतं. आम्ही भिंतीशी गेलो. बाईंच्या जागेवर एक माणूस पोतं टाकून बसला होता. त्याच्याशी त्यांनी वाद घातला, नेटानं घातला, आणि पलीकडे कोपऱ्यात दोन हात जागा मिळवली. नवं ब्लँकेट आधी पोत्याखाली लपवलं. मी शेजारी उकिडवी बसले. शेवटी राहवलं नाही. म्हटलं, “बाई, खरं काऊन नाई सांगितलं तुमी? सगळी मंडळी ऐकून राह्यली होती. उभं राहून सांगायचं ना, मले काढलं म्हणून.”

त्या माझ्याकडे पाहत राहिल्या. चिडल्या नव्हत्या, वर्गात उत्तर चुकलं की पाहायच्या तसं पाहत होत्या.

“खरं सांगून पाह्यलं होतं, पोरी. खोल्या खाली करायच्या होत्या तवा. ह्याच पंचायपुढं उभी राह्यली. म्हटलं, मले जाले जागा नाई, काढू नका. तुह्ये बाबाच म्हणाले, तक्रार असंल तर देवापाशी करा.” त्यांनी पोतं सारखं केलं. “म्हणून या खेपेले खोटं सांगून पाह्यलं.”

मग मला गाडी चुकेल म्हणून त्यांनीच उठवलं. “जाजो नीट,” म्हणाल्या. मी मागं वळून पाहिलं नाही, कारण पाहवलंच नसतं.

घरी पोचले तेव्हा बाबा जेवायला बसले होते. मी हातपाय धुऊन आले. त्यांनी मान वर न करता विचारलं, “घरी नीट पोचवलं ना तिले?”

“कोणाच्या घरी, बाबा?” मी विचारलं.

त्यांनी आईकडे भाजी मागितली.