देवीच्या आधी जेवले त्या वर्षी

त्या वर्षी श्रावणात माझ्या हातांना कंप सुटला, आणि महालक्ष्मी आपल्यावर रुसली की काय, असं मला पहिल्यांदा वाटलं. चहाचा कप बशीवर वाजायचा. झोप उडाली होती, कातडी कोरडी पडली होती, जिना चढताना गुडघे कुरकुरायचे. डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या करून सांगितलं की घाबरण्यासारखं काही नाही, वयोमानानं होतं. वयोमान हा शब्द मला फार झोंबला. चौसष्ट हे काय वय झालं? भाद्रपद महिन्याभरावर आला होता, आणि आमच्या ज्येष्ठा-कनिष्ठा यंदा या हातांनी उभ्या राहतील का, एवढी एकच काळजी मला पोखरत होती.

मी अमरावतीकडून लग्न होऊन रायपूरला आले तेव्हा हे गाव मध्य प्रदेशातलं एक धुळकट, सुस्त शहर होतं. यजमान रेल्वेत, मी सरकारी कचेरीत. काही वर्षांनी सासूबाईंनी पितळेचे दोन मुखवटे आणि दोन बाळांचे लहान मुखवटे माझ्या ओटीत घातले, आणि त्यानंतर एकाही वर्षी आमच्या घरी महालक्ष्म्या उभ्या राहिल्या नाहीत असं झालं नाही. पुढे छत्तीसगढ वेगळं झालं आणि रायपूर त्याची राजधानी झालं. भोपाळहून बदलून आलेली, गावात कुणी ओळखीचं नसलेली मराठी कुटुंबं प्रसादाला आमच्याकडे येऊ लागली. पंगत अंगणातून रस्त्यावर गेली. तेलीबांध्यात घर बांधलं तेव्हा मी हॉल मोठा मागितला तो त्यासाठीच. मला याचा अभिमान होता, अजूनही आहे, तो मी लपवणार नाही. आदल्या रात्रीपासून पाण्याचा थेंब न घेता, ओलेत्यानं, एकटीनं सगळा स्वयंपाक करायचा आणि नैवेद्य झाल्यावर, सगळी पंगत उठल्यावर, संध्याकाळी जेवायचं, हा माझा नेम होता. भुकेवर भक्ती मोजायची सवय लागली होती, पण हे तेव्हा कळत नव्हतं.

एक गोष्ट कबूल करायला हवी. माझी सून हेमा इथलीच, छत्तीसगढी घरची. मुलानं स्वतः पसंत केलेली. मुलगी गुणी, त्याबद्दल माझी कधी तक्रार नव्हती, पण महालक्ष्म्यांच्या दिवशी मी तिला स्वयंपाकघराच्या उंबऱ्याच्या आत येऊ दिलं नव्हतं. सोवळ्याचं कारण सांगायचे. अकरा वर्षं ती उंबऱ्याबाहेर उभी राहून भाज्या निवडून द्यायची, नारळ खवून द्यायची, आणि मी काय करते ते बघत राहायची. एकदा तिनं "मम्मीजी, मैं पूरन पीस दूँ?" असं विचारलं होतं. मी म्हटलं, "राहू दे व बाई, तुले नाही जमणार." त्यानंतर तिनं विचारलं नाही.

त्या वर्षी आवाहन कसंबसं पार पडलं. मुखवटा दोन्ही हातांनी छातीशी धरून, फाटकापासून काढलेल्या कुंकवाच्या पावलांवरून मी ज्येष्ठा आणली, आणि यजमान माझ्या कोपराखाली हात धरून चालले. दुसऱ्या दिवशी पूजन. पहाटे थंड पाण्यानं आंघोळ, ओलं पातळ, पोटात काही नाही. डाळ शिजली, आंबील झाली, सोळा भाज्या चिरून झाल्या. अकराच्या सुमारास पुरण वाटायला बसले आणि पुरणयंत्राचा दांडा हातात ठरेना. मी उठायला गेले तो घर गरगर फिरलं. ओट्याची कड सापडली म्हणून बरं, नाहीतर कढईवरच गेले असते. बसकण मारली ती उठता येईना. हेमा उंबऱ्यावर दोन्ही हातांनी चौकट धरून उभी होती. आत येऊ का, हे तिच्या तोंडावर स्पष्ट होतं, आणि तशा अवस्थेतही मी तिला हातानं थांबवलं. आज ते आठवलं की माझी मलाच लाज वाटते.

तेवढ्यात दारात कुणीतरी हाक मारली. चाळिशीची एक अनोळखी बाई उभी होती. आठवड्यापूर्वीच नोकरीसाठी रायपूरला आलेली, गावी सासरी वर्ध्याला महालक्ष्म्या, आणि यंदा रजा मिळाली नव्हती. रस्त्यानं जाताना फाटकाशी कुंकवाची पावलं दिसली म्हणून दर्शनाला आत आली होती. आयुर्वेदाची डॉक्टर होती. आता कुणी याला योगायोग म्हणावं, कुणी आणखी काही. मी वाद घालत नाही.

तिनं न विचारता स्वयंपाकघरात येऊन मला धरून हॉलमध्ये आणलं, कोरडं लुगडं नेसायला लावलं, नाडी पाहिली.

"काकू, सकाळपासून काय खाल्लं?"

"उपास हाय मले."

"पाणी?"

"तेही नाही. तीस वर्षं झाले, असाच करते मी."

ती हसली नाही, रागावलीही नाही. समोर उभ्या असलेल्या मूर्तींकडे तिनं बोट केलं. "हे बाळं पाहा. लहानपण कफाचं असते, म्हणून पोट्टे गुबगुबीत अन् नाक वाहते. कनिष्ठेचं वय पित्ताचं. अंगात आग असते, उपास पचते, जागरण पचते. ज्येष्ठेचं वय वाताचं. अंगात वारा असते, अन् रिकाम्या घरात वारा लवकर घुसते. तुम्ही चाळिशीतला उपास चौसष्टीत करून राहिल्या. काहून?"

तिनं सांगितलं की आता गरम मऊ भात, वर तूप, आणि उद्या रक्तदाबही दाखवून घ्या. मी म्हटलं, "देवीच्या आधी कशी जेवू?" ती म्हणाली, "घरातली म्हातारी उपाशी पडली तर पाहुणी कशी जेवनार, काकू?"

मी ज्येष्ठेकडे पाहिलं. सासूबाईंनी त्या बाळांकडे, त्या दोघींकडे बोट करून मला कितीदा काय काय सांगितलं असेल, पण देवीच्या घरातही तीन वयं एकत्र उभी असतात, हे मला त्या दिवशी दिसलं. एकीनं तिघींचं काम करावं असं तिथं कुठं होतं? मला रडू आलं. हे अपमानाचं रडणं नव्हतं. खांद्यावरचं ओझं कुणी न विचारता उतरवून घ्यावं, तसं वाटलं.

"हेमा," मी म्हटलं, "आंग धुऊन ये. अन् आत जा. पुरण वाटायचं राहिलं हाय."

"मम्मीजी, मैं? रसोई में?"

"तूच. अजून कोन हाय मले?"

"हव, मम्मीजी," ती म्हणाली आणि धावतच गेली.

आधी तिनं मला भात आणून दिला. मी देवीसमोर बसून जेवले. मग मी तिथंच पाटावर बसून राहिले आणि आतले आवाज ऐकत गेले. एकदाही तिनं विचारलं नाही की जायफळ किती, कढीत आधी काय. अकरा वर्षं उंबऱ्याबाहेर उभं राहून माझी सून शिकत होती, आणि मी समजत होते की ती नुसती उभी आहे. वैद्यबाईंना मी जाऊ दिलं नाही. जेवायला यायची ती सवाष्ण सुतक पडल्यामुळे येणार नव्हती, तिच्या जागी त्यांनाच बसवलं. त्या काही अंतर्धान वगैरे पावल्या नाहीत. मागच्याच गल्लीत राहतात, स्कूटी आमच्या फाटकासमोर लावतात आणि मला रोज तेल लावलं का म्हणून दटावतात. हाताचा कंप बराच कमी झालाय, झोप येते.

संध्याकाळी नैवेद्य झाला, पंगत बसली. भोपाळहून आलेल्यांपैकी एक जुन्या बाई, ज्या दरवर्षी येतात, पुरणपोळी मोडून म्हणाल्या, "काकू, चव तुमचीच हो. या वयातही काय हात आहे तुमचा."

हो म्हणणं सोपं होतं. तीस वर्षं मी हो म्हणतच आले होते. हेमा वाढता वाढता तूप घेऊन थांबली, पण तिनं वर पाहिलं नाही.

"मी आज देवीच्या आधी जेवले," मी सगळ्या पंगतीला ऐकू जाईल असं म्हटलं. "स्वयंपाक माह्या सुनेनं केला. सगळा. एकटीनं."

माझ्या घराचा इतका अभिमान मला त्याआधी कधी वाटला नव्हता. आई महालक्ष्मी, तू आलीस ती माझं काढून घ्यायला नव्हे, हे कळायला मला चौसष्ट वर्षं लागली. पंगत संपल्यावर मी हेमाला पाटावर बसवलं आणि तिच्या ताटात पहिली पोळी मी वाढली. हात थरथरत होता, तूप थोडं ताटाबाहेर सांडलं. तिनं ते बोटानं पुसून घेतलं आणि जेवायला सुरुवात केली.