डिंकाचा लाडू आणि ॲरिझोनाचा घोडा

मला घोड्यावर बसता येतं. घोड्याला चालवता येत नाही, एवढंच! हा फरक मला ॲरिझोनाच्या वाळवंटात, सासऱ्यांच्या देखत कळला.

२००५ साली सासू-सासरे साताऱ्याहून आमच्याकडे एडिसनला आले होते. सासऱ्यांचं माझ्याबद्दल एक ठाम मत होतं: माणूस चांगला, पण खुर्चीतून उठत नाही. ते खोडून काढायची मला भारी खुमखुमी. म्हणून घोड्यावरून कॅन्यन बघायची ट्रिप बुक केली आणि विमानातच जाहीर केलं, "रायडिंग म्हणजे माझ्या डाव्या हातचा मळ!" (माझी आयुष्यातली घोडेस्वारी म्हणजे लहानपणी माथेरानला मारलेली एक चक्कर. तीही घोडेवाल्यानं लगाम धरून.)

तबेल्यातल्या गाइड बाईनं आधीचा अनुभव विचारला. सासऱ्यांनी "पहिलीच वेळ" असं खरं सांगून टाकलं. त्यांना एक पेंगुळलेली घोडी मिळाली. मी सासऱ्यांकडे बघत म्हणालो, "एक्स्पर्ट!" मला मिळाला एक धिप्पाड तांबडा घोडा. त्यानं माझ्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

सासूबाईंचे गुडघे दुखत होते, म्हणून त्या आणि माझी बायको मेधा तबेल्याबाहेरच्या बाकावर थांबणार होत्या. जनावराकडून काम घ्यायच्या आधी त्याचं तोंड गोड करायचं, ही सासूबाईंच्या माहेरची पद्धत. गाइडची पाठ वळताच त्यांनी पर्समधून डिंकाचा लाडू काढला.

"खा रे बाळा. आमच्या जावयांना नीट ने हं!"

घोड्यानं लाडू खाल्ला आणि समाधानानं डोळे मिटले. मीही कौतुकानं बघत होतो!

निवडुंगांमधून आमची वरात निघाली. पहिल्याच वळणावर माझा घोडा थांबला, वळला आणि परत निघाला. मी लगाम ओढला, टाचा मारल्या. टाचांचा अर्थ त्यानं 'लवकर चल' असा घेतला.

"डॅड, राँग वे!" पुढच्या घोड्यावरून माझी नऊ वर्षांची लेक इरा ओरडली.

"मला माहितीये!"

"देन टेल द हॉर्स!"

सासऱ्यांनी घोडीवरून शांतपणे विचारलं, "जावईबापू, काही विसरलात काय?"

"हो, पाणी!" (पाण्याच्या दोन बाटल्या माझ्याच खोगिराला लटकत होत्या.)

घोडा थेट बाकापाशी येऊन थांबला.

"आलास? भूक लागली होय?" सासूबाईंनी प्रेमानं विचारलं. मी "नाही, आई" म्हणालो. त्या घोड्याशी बोलत होत्या.

"आई, नका देऊ!" मेधा म्हणाली. तोवर दुसरा लाडू पोटात गेला होता.

गाइडनं येऊन मला परत रांगेत नेलं. पुढच्या वळणावर घोडा पुन्हा फिरला. या खेपेला चक्क धावत! मी त्याच्या मानेला मिठी मारून, अनेक देवांची नावं घेत बाकापाशी पोचलो. शेवटी गाइडनं माझ्या घोड्याला दोर बांधला आणि त्याचं टोक आपल्या हातात ठेवलं. पुढची सगळी कॅन्यन मी तसाच फिरलो. मागून येणारे सासरे सगळी वाट तो दोर निरखत होते. मला ते फार लागलं.

संध्याकाळी मोटेलमधून त्यांनी साताऱ्याला धाकट्या भावाला फोन लावला. मी टीव्हीचा आवाज कमी केला.

"जावई? अरे, लाखात एक! इतका गरीब स्वभाव, घोड्याचासुद्धा शब्द मोडत नाहीत!"