रिचार्ज बोअरमध्ये मोटार

नवीन जालन्यात स्टेशनजवळ ज्या शेठने दोन विंगची बिल्डिंग काढली, त्याने मागच्या गल्लीचं पाणी पळवलं. तेही माझ्या नावाची पाटी लावून. हे आधीच सांगून टाकतो.

मला ते कळलं सुमनकाकूंमुळे. त्या गल्लीतल्या. रिकामा हंडा घेऊन ऑफिसात आल्या आणि तो माझ्या टेबलावर ठेवला.

"बिल्डिंगीत बोअर तूच घेतला ना? आमचा हापसा कोरडा पडून राह्यला. भर श्रावणात."

"काकू, तो पाणी ओढायचा बोअर न्हाई. मुरवायचा आहे."

"मंग मुरलेलं गेलं कुठं?"

बसा म्हटलं, तर बसल्या नाहीत. "पाटीवर तुझं नाव आहे म्हणून आले. न्हाई तर तुझं तोंड बघायची मला काय हौस?"

मी मूळ हसनाबादचा. दुसऱ्याच्या मशीनवर लोखंडी रॉड उचलत धंदा शिकलो, आता माझी स्वतःची बोअरची मशीन आहे. माझं नाव हेच माझं भांडवल. त्यामुळे काकूंचा हंडा मला लागला.

मोठी बिल्डिंग बांधायची तर पर्यावरण मंजुरी लागते आणि ती अटींवर मिळते. इथे एक अट होती रिचार्ज बोअरची. म्हणजे उलटा बोअर. गच्चीवरचं पावसाचं पाणी पाइपाने खाली आणायचं, खडीच्या खड्ड्यात गाळायचं आणि बोअरमधून जमिनीत सोडायचं. त्यातून काढायचं काही नाही. अटी पाळल्या जातात का, हे बघायला अधिकारी येतात.

गडबड झाली ती मी तो बोअर घेताना. पाणी लागलं. मशीनच्या डोक्यावरून उडालं. जालन्यात बोअरला पाणी लागलं की माणूस भानावर राहत नाही. शेठने जागेवर नारळ फोडला, पेढे मागवले. वॉचमनच्या बायकोने बोअरला हळदकुंकू वाहिलं. हा बोअर पाण्यासाठी घेतलाच नव्हता, हे सगळे विसरले.

"यात मोटार सोडू," शेठ म्हणाले.

"शेठ, हा मुरवायचा आहे."

"देवानं दिलेलं पाणी बुजवू का? तूच सांग."

"बुजवू नका. मुरवायला दुसरा घ्या. मशीन उभीच आहे, निम्म्या रेटमध्ये करून देतो."

"निम्म्याच्या निम्मे."

जरा घासाघीस केली आणि हो म्हटलं. मशीन हलवायचा खर्चा वाचत होता. "उद्या जागा दाखवतो," म्हणाले. दुसऱ्या दिवशी फोन आला, दुसऱ्या पार्टीला काम दिलं म्हणून. डोकं तापलं, पण धंद्यात असं चालतं. मी मशीन घेऊन अंबडला गेलो.

आता काकूंना घेऊन साइटवर गेलो. मी घेतलेला बोअर पत्र्याच्या खोलीत, कुलपात. आत मोटार चालू. बाहेर आवाराच्या कोपऱ्यात खडीचा खड्डा आणि त्यावर रिचार्ज बोअरची पाटी, माझ्या नावाची.

"पाटीचा राग आला का? आत्ता काढतो," शेठ हसून म्हणाले.

"पाटी राहू द्या. तिच्याखालचा बोअर दाखवा."

"खडीखाली आहे ना. तपासणीचे साहेब बघून गेलेत. चालू स्थितीत आहे असं लिहून गेलेत."

काकू म्हणाल्या, "हो, आमचा हापसा पन असाच चालू स्थितीत आहे."

मी तक्रार केली. गल्लीतल्या सगळ्यांच्या सह्या घेतल्या. मग संभाजीनगरहून नव्या मॅडम तपासणीला आल्या. त्या दिवशी मी पाण्याचा टँकर घेऊन गेल्तो. मॅडमसमोर नळी सोडली खड्ड्यात. खाली बोअर असेल तर पाणी उतरायला पाहिजे. खड्डा भरला आणि भरलेलाच राहिला.

"खडी नवी आहे. हळूहळू पिते," शेठ म्हणाले.

"मंग बसू इथंच. चहा सांगा."

एवढं बोलून काकूंनी पायरीवर बैठक मारली. चहा झाला. खड्ड्यात आभाळ दिसत होतं, तसंच दिसत राहिलं.

मॅडमनी खडी उपसायला लावली. खाली काँक्रीटचा तळ. बोअरचं भोक बिलकुल नाही.

मला म्हणाल्या, "तुम्ही टँकर आणला नसता तरी मी खडी काढायला लावणारच होते."

"मग आधी सांगायचं ना मॅडम, टँकर वाचला असता."

बोअरमधली मोटार निघाली. तो बोअर रिचार्जला जोडेपर्यंत मॅडमनी दुसऱ्या विंगचं काम थांबवलं. शेठचा फोन आला.

"तूच जोडून दे. ठरलेल्या रेटमध्ये."

"तो रेट पेढ्यांच्या दिवशीचा होता, शेठ. आता पूर्ण घेईन. आणि पाटी मी लावीन, काम झाल्यावर."

शेठने शिव्या दिल्या आणि कबूल केलं.

हापशाला पाणी आलं, पण पहिल्यासारखं नाही. काकूंना अजून दहा-बारा दांडे जास्त मारावे लागतात. मी तेव्हापासून एक नियम केला आहे. दुसऱ्याचं काम बघायचं तर पाटी वाचत नाही, पाणी ओतून बघतो.

शेठला तर मी ओळखून आहे, तो त्याचा फायदा बघणार. माझा हिशेब पहिल्या साहेबांशी आहे. त्यांना सरकारने फक्त बघायलाच पाठवलं होतं. त्यांनी एकदा गल्लीत यावं, काकूंच्या हापशाजवळ उभं राहावं आणि सगळ्यांसमोर सांगावं, खडी न हलवता त्यांनी चालू स्थितीत नेमकं काय बघितलं होतं.