फोटो, कॉपी आणि मधली मोकळी जागा

मी मुखेडच्या एका शाळेत क्लार्क आहे. आमच्या मुख्याध्यापिका मॅडम निवृत्त होणार होत्या. निरोपाच्या दिवशी शाळेचे जुने फोटो पडद्यावर दाखवायचं ठरलं. ते जमवायचं काम माझ्याकडं.

कॉम्प्युटरवर ‘फोटो’ नावाचं मूळ फोल्डर होतं. पंधरा दिवसांपूर्वी मी त्याची प्रत करून तिला ‘फोटो कॉपी’ नाव दिलं होतं. डिस्क भरत आली, म्हणून ती प्रत पुसायची होती. जादा फायली पुसायला मी एक बॅच फाइल, म्हणजे कॉम्प्युटरला द्यायच्या आज्ञांची यादी, लिहून ठेवली होती. तिच्यातच ‘फोटो कॉपी’ न विचारता पुसायची एक ओळ वाढवली आणि चालवली.

पडद्यावर इंग्रजीत आलं, फाइल सापडत नाही. पाहिलं तर ‘फोटो कॉपी’ जागच्या जागी. मला वाटलं, काहीच झालं नाही. पुन्हा चालवली. पुन्हा तेच, या वेळी दोनदा.

मग लक्षात आलं, ‘फोटो’ कुठंच दिसत नाही. रिसायकल बिन रिकामा. जे पुसायला सांगितलं ते शाबूत, आणि ज्याचं नावही घेतलं नाही ते गायब! ओळ चार वेळा वाचली. ‘फोटो कॉपी’च लिहिलं होतं.

नांदेडला कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या मित्राला फोन लावला.

“काय करून राहिलास रे?” तो म्हणाला. “नावाला दोन्हीकडून दुहेरी अवतरण टाकलं का?”

“न्हाई. ते तर बोलणं लिहायला टाकतात ना?”

“इथं नावातली मोकळी जागा झाकायला. तू टाकलं न्हाईस, म्हणून कॉम्प्युटरनं मोकळ्या जागेपाशी नाव तोडलं. फोटो एक, कॉपी दुसरं. फोटो सापडलं, पुसून टाकलं. कॉपी नावाचं काही न्हाई, म्हणून बोंबललं.”

“मग पुसलं ते का सांगितलं न्हाई?”

“तूच सांगितलंस ना, न विचारता पूस म्हणून.”

जुने फोटो प्रतीत होते. गेले ते फक्त पंधरा दिवसांतले. त्यात एक असा होता, खिचडी शिजवणाऱ्या मावशी आणि मॅडम शेजारी शेजारी. मावशी कधी फोटोला उभ्या राहत नसत. त्या दिवशी मॅडमनी हात धरून उभं केलं होतं.

मी मॅडमना खरं ते सांगितलं. अवतरण, जागा, तुटलेलं नाव, सगळं. बोलता बोलता मीच गोंधळलो.

“मला यातलं काही कळलं नाही,” मॅडम म्हणाल्या. “मावशींचा गेला?”

“हो.”

त्या उठल्या आणि थेट स्वयंपाकाच्या शेडकडं गेल्या, मी मागोमाग. मावशींना म्हणाल्या, पुन्हा एक फोटो काढू.

“परवाच काढला की मॅडम,” मावशी पदरानं तोंड पुसत म्हणाल्या. “त्याला काय झालं?”

मॅडमनी माझ्याकडं पाहिलं.

“हरवला,” मी म्हणालो. आणि मोबाइल वर धरला.