कांचघरमधल्या घराची चौकशी

आई गेल्यावर दादा माझ्याकडे राहायला आला. माझ्याहून मोठा, केस पिकायला लागलेले, पण समज पाच-सहा वर्षांच्या मुलाची. माझी एक खोली दोघांना पुरेना, म्हणून मी घर शोधायला लागले. मी शिकवते ती शाळा जवळ पडेल म्हणून कांचघर मोहल्ल्यातली एक जुनी तीनमजली बिल्डिंग मनात भरली. पहिल्या मजल्यावर दोन खोल्या आणि रुंद गॅलरी.

जुन्या बिल्डिंगच्या करारावर डोळे मिटून सही करायची माझी तयारी नव्हती. आधी एकटीच गेले. दादाला कठड्यावर पोट टेकून खाली वाकून बघायची सवय, म्हणून गॅलरीचा कठडा दोन्ही हातांनी गदागदा हलवून पाहिला. घट्ट होता. जिन्याखालच्या भिंतीत मात्र लांबलचक भेग दिसली. घरमालक म्हणाला, "वो तो भूकंप के टाइम की है, बहनजी. तब से बाल बराबर नहीं बढ़ी." त्याच्या शब्दावर विसंबण्यापेक्षा शेजाऱ्यांना विचारावं, म्हणून मी तळमजल्यावरचं दार वाजवलं.

एका साठीच्या काकूंनी दार उघडलं. माझं हिंदी ऐकून लगेच म्हणाल्या, "मराठी आहात काय?" त्या वर्ध्याकडच्या, लग्न होऊन इथे हिंदी मुलखात आलेल्या. हाताला धरून आत नेलं, चहा टाकला. भेग जुनीच, पाणी दोन्ही वेळ येतं, पावसाळ्यात मागच्या भिंतीला ओल धरते, मी विचारेन ते त्या सांगत गेल्या.

"काहून इतकं खोदून खोदून विचारून राहिल्या, बाई? पोरगी द्यायची आहे का या घरात?" असं म्हणून हसल्या.

मग मी दादाचं सांगितलं. त्यांनी माझा हात दाबला. "अरेरे! आणा न त्यांना. आम्हालाही पाहू द्या."

आपलं माणूस भेटलं, असं मला त्या दिवशी वाटलं होतं.

रविवारी दादाला नेलं. त्यानं सकाळीच केसांना तेल लावून इस्त्रीचा शर्ट घातला होता. जिना त्याला झेपतो का, ते मला बघायचं होतं. झेपला. गॅलरीत उभा राहून त्यानं रस्त्यावरच्या प्रत्येक गाडीला हात केला. मग काकूंनी खालून हाक मारली, "या न दादासाहेब, चहा घ्या." तो खाली गेला. मी घरमालकाबरोबर स्वयंपाकघरातले नळ आणि बटणं तपासत राहिले.

खालून हसण्याचा मोठा आवाज आला तेव्हा मी गॅलरीत आले. अंगणात दादा प्लास्टिकच्या खुर्चीत बसला होता आणि बिल्डिंगमधली माणसं त्याच्याभोवती जमली होती. काकू मधोमध होत्या.

"लग्न करता का, दादासाहेब?"

दादा लाजून "हो" म्हणाला.

"हिच्याशी?" काकूंनी कॉलेजात जाणाऱ्या एका मुलीला दंडाला धरून पुढे ढकललं. मुलगी ओशाळली. दादा तिच्याकडे बघून हसला आणि त्यानं तिला नमस्कार केला.

"पहले नाच के दिखाओ, भैया," कुणीतरी म्हणालं. दादा उठला, दोन्ही हात वर करून गणपतीच्या मिरवणुकीत नाचतात तसा नाचायला लागला. एक माणूस मोबाइलवर त्याचा व्हिडिओ काढत होता.

मी खाली धावले, दादाचा हात धरला. त्याला धाप लागली होती. "मी यांना आवडलो," तो मला म्हणाला.

"रागावू नका, बाई," काकू म्हणाल्या, "गंमत करून राहिलो. त्यांनाही मजाच येऊन राहिली होती."

ते खरं होतं. वाटेत मला त्याचंच जास्त लागत राहिलं. तरी ते घर मला हवं होतं. लोक चार दिवस हसतील आणि कंटाळतील, अशी मी मनाची समजूत घातली.

पुढे घरमालकाचाच फोन आला. "बिल्डिंगवाले मना कर रहे हैं, बहनजी. जवान लड़कियाँ हैं यहाँ. कहते हैं, आपके भाई की नज़र ठीक नहीं."

"किसने कहा?"

"आपकी ही मराठीवाली आंटी ने."

मी तडक गेले. काकू जाळीच्या दाराआडूनच बोलल्या. "तुम्ही आमची भिंत न् भिंत ठोकून पाहिली. आम्ही तुमचा माणूस पाहिला. यात काय चुकलं?"

"त्या मुलीला तुम्हीच पुढे ढकललंत."

"तो हसला का नाही, तेवढं सांगा."

हसला होता. तो सगळ्यांकडेच बघून हसतो. काकूंचा आवाज मऊ झाला. "तुमची आई सुटली, बाई. तुम्ही काहून अडकता? असे लोक ठेवायच्या जागा असतात, तिथं ठेवून द्या." आणि त्यांनी जाळीमागचं लाकडी दारही लावून घेतलं.

दादा रोज विचारायचा, "काकूंकडे राहायला कधी जायचं?" शेवटी मी वैतागून सांगितलं की ती बिल्डिंग पडणार आहे. तो घाबरला. "मग काकूंना सांग न, बाहेर निघा म्हणून!" संध्याकाळपर्यंत त्यानं तेवढंच लावून धरलं. जेवलासुद्धा नाही.

त्यानंतर आणखी तीन-चार घरमालकांनी नकार दिला. ज्यानं होकार दिला त्यानं सहीच्या आधी तोंडी एक अट घातली: दिवसा भाऊ खाली दिसता कामा नये, बिल्डिंगमधली मुलं घाबरतात. करारात तसं काही लिहिलेलं नव्हतं. मी मान हलवली आणि सही केली. त्या घराची मी कसलीच चौकशी केली नाही.

आता मी शाळेत जाताना बाहेरून कडी लावते. परत आले की दादा चप्पल घालून दाराशीच बसलेला असतो.

"आता जायचं खाली?"

"अंधार पडू दे."

तो खिडकीशी जाऊन बघतो, परत येतो, पुन्हा विचारतो. उन्हाळ्यात इथे अंधार फार उशिरा पडतो.